काकूंचा उजवा डोळा

आमच्या घरांत तीन डॉक्टर आहेत. धाकटे बंधू हाडांचे, त्यांच्या पत्नी लहान मुलांच्या, आणि ज्यानें नांवापुढें अद्याप पुरतीं अक्षरें लावून घेतलेलीं नाहींत असा एक पुतण्या. यांखेरीज पदवी नसतांना वैद्यकी सांगणारीं माणसें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत असतात, तशीं आमच्याही कुटुंबांत आहेत. आणि त्यांत अग्रमान, कबूल करावयास हरकत नाहीं, आमचाच आहे. एवढी विद्या घरांत असूनही आमच्या काकूंचा उजवा डोळा गेला. डावा राहिला तो बारावीपर्यंत शिकलेल्या एका बाईमुळें. ही हकीकत चारचौघांपुढें मांडावी कीं मांडूं नये, याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. परंतु आमच्यासारखींच विखुरलेलीं कुटुंबें आणि गांवच्या घरीं मागें राहिलेलीं वडील माणसें वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असतील, हें मनांत येऊन लिहावयास बसलों आहों.

आमचें मूळ गांव कृष्णाकांठचें. पूर्वीं एका चुलीवर वीस-बावीस पानें होत. आज त्या वाड्यांत काकू आणि सोबतीस एक दूरच्या नात्यांतील बाई एवढींच माणसें राहतात. बाकीचे आम्ही पुण्यास, मुंबईस आणि दोघे-तिघे समुद्रापलीकडे. वर्षांतून दोनदां, गणपतीस आणि चैत्रांत, सर्वांनीं गांवीं जमावयाचें असा नेम आहे, आणि बहुतेक नेमांप्रमाणें तो निम्मा पाळला जातो. काकूंचें वय आतां ब्याऐंशीच्या पुढें आहे. पुण्यास येऊन राहा, असें आम्ही दर वर्षीं म्हणतों. त्या दर वर्षीं नाहीं म्हणतात. आणि त्यांच्या नकारानें आम्हांस जरा सुटल्यासारखें वाटतें, हें येथें लपवून काय उपयोग?

२०१६ सालच्या पावसाळ्यांत एकदां त्यांचा फोन आला. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, ती आशा येऊन गेली. बॅटरी लावून डोळे पाहिले. उजव्यांत मोतीबिंदू आहे म्हणते, काढून घ्या म्हणते. काय करूं?"

आम्हीं क्षणभरही विचार केला नाहीं. "काकू, एवढ्यांत नको. पिकूं द्या. पुरता पिकला म्हणजे पुण्यासच काढूं, चांगल्या ठिकाणीं. दिवाळीनंतर पाहूं."

हें बोलणें आम्हांस शब्दशः आठवतें.

आतां हें 'पिकूं द्या' आलें कोठून, तें सांगितलें पाहिजे. कारण तें अगदींच अडाणीपणाचें नव्हतें. आमच्या आजीची शस्त्रक्रिया १९७१ सालच्या हिवाळ्यांत तालुक्याच्या गांवीं भरलेल्या शिबिरांत झाली. शाळेचे वर्ग रिकामे करून, खालीं गवत पसरून त्यावर सतरंज्या घातल्या होत्या. आम्ही तेव्हां लहान होतों, पण डबा घेऊन गेलों असतां पाहिलेलें दृश्य अजून डोळ्यांपुढें आहे : ओळीनें निजलेलीं म्हातारीं माणसें, डोळ्यांवर पट्ट्या आणि डोकें हलूं नये म्हणून दोहों बाजूंस वाळूच्या पिशव्या. उशाशीं बसून आजीला चमच्यानें पेज भरवीत होत्या त्या काकूच. त्या काळीं डोळ्यांतील गढूळ झालेलें भिंग आवरणासकट काढून टाकीत आणि त्याच्या जागीं आंत कांहींच बसवीत नसत. त्याची भरपाई बाहेरून चष्म्यानें करावयाची. तो चष्मा इतका जाड कीं, आम्ही मुलें त्यास तांब्याचें बूड म्हणत असूं. त्यांतून सर्व वस्तु सव्वापट मोठ्या दिसत आणि बाजूचें कांहीं दिसतच नसे. माणूस एकाएकीं शून्यांतून पुढें उभें राही. आजी कितीतरी दिवस दूध कपांत न ओततां कपाशेजारीं ओतीत असे. पुढें एका आषाढींत पंढरपुरास गर्दींत तो चष्मा फुटला आणि नवा येईपर्यंत आजी पुन्हां आंधळी झाली. असा सौदा असल्यावर, जोंपर्यंत स्वतःच्या गढूळ भिंगांतून काम भागत आहे तोंपर्यंत थांबावें, असें डॉक्टर सांगत तें योग्यच होतें. 'पिकूं द्यावा' हा त्या काळचा खरा वैद्यकीय सल्ला होता.

परंतु काळ बदलला आणि सल्ला आमच्या घरांत तसाच राहिला. १९९० नंतर आपल्याकडे डोळ्याच्या आंतच कृत्रिम भिंग बसविण्याची रीत रुळूं लागली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानें १९९२ सालीं स्वतःचा कारखाना काढून हीं भिंगें परदेशी किमतीच्या लहानशा अंशांत तयार केलीं. १९९४ ते २००२ या काळांत जागतिक बँकेच्या साह्यानें महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम झाला, त्यानेंही शाळांतील शिबिरें मागें पडून रुग्णालयांतील भिंगाच्या शस्त्रक्रियेस वेग आला. आतां बारीक छेदांतून, बहुधा टाका न घालतां, पंधरा-वीस मिनिटांत काम होतें. आजच्या रीतींत पिकण्याची वाट पाहण्यांत लाभ तर नाहींच, उलट धोका आहे. भिंग फार पिकलें म्हणजे फुगतें, किंवा त्यांतील द्रव्य पाझरूं लागतें. डोळ्यांतील पाण्याचा निचरा तुंबतो, दाब चढतो, आणि मागची दृष्टीची नस दबून मरते. ती एकदां मेली कीं ब्रह्मदेवाच्या बापालाही परत आणतां येत नाहीं. हें सर्व आमच्या बंधूंस विचारतें तर त्यांनीं पांच मिनिटांत पुस्तक काढून सांगितलें असतें. आम्हीं विचारलें नाहीं. सुश्रुतानें मोतीबिंदूवर सुईनें इलाज केला होता, हें आम्हीं दोन व्याख्यानांत अभिमानानें सांगितलें होतें, आणि तेवढ्यावर नेत्रवैद्यक आपल्या घरचेंच आहे असें धरून चाललों होतों.

ती दिवाळी गेली. पुढच्या वर्षीं एका मुलीचें लग्न निघालें, मग घर बदललें, मग कोणाची परीक्षा. काकूही आठवण करीत ना. २०१८ च्या श्रावणांत एके रात्रीं त्यांचें डोकें विलक्षण ठणकूं लागलें आणि वांत्या झाल्या. उपासाचें पित्त, असें त्यांनीं ठरविलें आणि सुंठ-साखर घेतली. सकाळीं फोनवर आमच्या बंधूंनींही पित्तच म्हणून सांगितलें. डोळा लाल झाला आहे, हें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं, आणि त्यांनींही विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आशाताई सहज म्हणून डोकावल्या, आणि सोप्यांत पाऊल टाकतांच त्या डोळ्याकडे पाहून म्हणाल्या, "काकू, ह्यो डोळा आजच्या आज दाखवायला पायजे. उद्या न्हाई." त्यांनींच गाडी ठरविली, त्याच बरोबर गेल्या. जिल्ह्याच्या ठिकाणीं डॉक्टरांनीं दाब उतरविला, वेदना थांबविल्या. उजेड मात्र परत आला नाहीं. बॅटरी थेट बुबुळावर धरली तरी काकू म्हणत, "लावा ना."

आम्ही पोंचलों तेव्हां रात्र झाली होती. आशाताई दाराशीं बसल्या होत्या. आम्हीं विचारलें, हें कशामुळें झालें? त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग आम्हीं फारच खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "काका, मोतीबिंदू पिकवायचा नसतोय. त्यो काय आंबा हाय व्हय?"

आशाताईंविषयीं आतां सांगावयास हवें. 'आशा' हें त्यांचें नांव नव्हे, पद आहे. पण गांवांत त्यांचें पाळण्यांतलें नांव आतां कोणी घेत नाहीं. २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, त्यांत सुमारें हजार वस्तीस एक अशी त्याच गांवांत नांदणारी बाई आरोग्याच्या कामास नेमावी असें ठरलें. आज देशांत अशा सुमारें दहा लाख बाया आहेत. कल्पना मात्र त्याहून जुनी. तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं काम आरंभिलें, तेव्हां परिचारिका खेड्यांत राहावयास येत ना. म्हणून त्यांनीं गांवांतल्याच बाया निवडल्या. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, पुष्कळजणी तर गांवानें शिवेबाहेर ठेवलेल्या जातींच्या होत्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, जखमा, पोषण हें सर्व शिकविलें. पदवीधरांनीं मान हलविल्या, पण गांवें सुधारलीं. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कामासाठीं.

आमच्या आशाताईंची आजेसासू आमच्या लहानपणीं आमच्या दारीं येत असे. पायरीच्या खालीं उभी राही. तिच्या ओंजळींत पाणी वरून घालावयाचें, भाकरी वरून टाकावयाची. आणि हें आम्हीं स्वतः, सात-आठ वर्षांचे असतां, मोठ्या काळजीनें हात वर धरून केलेलें आहे. तीच पायरी चढून तिची नातसून सोप्यांत आली आणि काकूंची हनुवटी दोन बोटांनीं वर करून डोळ्यांत बॅटरी मारूं लागली. काकू सोंवळ्याच्या कडक. आशाताई सकाळीं कधींच येत नसत. देव-स्वयंपाक आटपून, वामकुक्षी होऊन, चारच्या सुमारास येत. काकू त्यांना चहा देत, पण ती कपबशी दारामागच्या कोनाड्यांत निराळी असे. हें आशाताईंस ठाऊक होतें, आणि त्यांस तें ठाऊक आहे हें काकूंस. आम्हां शहरांतील सुधारकांसही तें ठाऊक होतें. आम्ही सुटींत चार दिवस गेलों असतां तो कोनाडा पाहत असूं आणि 'काकूंचें वय झालें, आतां कोठें त्यांना शिकवावें' असें म्हणून चहा पीत असूं.

एक डोळा गेल्यावर दुसऱ्याचा प्रश्न उभा राहिला. डाव्यांतही मोतीबिंदू होता. आतां आम्ही सर्वजण जागे झालों होतों. पुण्यांतील उत्तमांतील उत्तम रुग्णालय, वातानुकूल खोली, सर्व सिद्ध केलें. पण काकू हलेनात. "आहे तो घालवूं कां? मला आतां काय पाहावयाचें राहिलें आहे?" एवढेंच त्यांचें म्हणणें. आमच्या बंधूंनीं आंकडे सांगितले, शंभरांत किती यशस्वी होतात तें. काकू शांतपणें ऐकून घेत आणि म्हणत, "असेल." त्यांच्या मनांत वाळूच्या पिशव्या होत्या, हें आमच्या ध्यानीं आलेंच नाहीं. तें आशाताईंस कळलें, कारण त्यांनीं विचारलें : "काकू, भ्या कशाचं वाटतंय?"

आठ महिने ही बाई येत राहिली. कधीं बसून शेंगा फोडूं लागे, कधीं निवडावयाच्या डाळींतले खडे काढून देई. काकू डाळ डोळ्यांनीं न निवडतां बोटांच्या अग्रांनीं निवडतात, हें प्रथम त्यांच्याच लक्षांत आलें होतें. आम्ही त्याच घरांत दोन चैत्र आणि दोन गणपती जेवलों होतों.

मग एके दिवशीं त्या वरच्या आळींतल्या, गोधड्या शिवणाऱ्या एका म्हातारीस घेऊन आल्या. म्हातारीची शस्त्रक्रिया महिन्यापूर्वीं सरकारी दवाखान्यांत झाली होती. आशाताईंनीं कांहीं भाषण केलें नाहीं. म्हातारीनें कमरेची पिशवी सोडली, जवळचें पाहण्याचा साधा चष्मा नाकावर ठेवला, सुई काढली आणि एका झटक्यांत दोरा ओंवला. "वाळूच्या पिशव्या?" काकूंनीं विचारलें. "कसल्या वो पिशव्या? दुसऱ्या दिशी घरला," म्हातारी म्हणाली. काकूंनीं ती सुई मागून घेतली, दोऱ्याचें टोंक चांचपून पाहिलें. पुढच्या गुरुवारीं त्या गाडींत बसल्या. पुण्याचें रुग्णालय नाहीं, वातानुकूल खोली नाहीं. आशाताई नेतील तेथें.

हा गुरुवार म्हणजे काय, तें आम्हांस तेव्हां कळलें. ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी ठराविक वारीं डोळे तपासतात. आशाताई आपल्या वहींतलीं नांवें घेऊन तेथें जातात. ज्यांना शस्त्रक्रिया हवी त्यांचें रक्तदाब, साखर पाहून जिल्ह्याच्या रुग्णालयाचा दिवस नेमून मिळतो. कागदावर हें सोपें आहे. परंतु खेड्यांत माणूस दवाखान्यापर्यंत कां पोंचत नाहीं, याचीं कारणें कोणत्याही कागदावर नसतात. ऊस तोडणीस आला आहे. म्हैस व्यालेली आहे. सून माहेरीं गेली, घरीं कोण राहील. बरोबर येणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडेल. म्हाताऱ्याचा डोळा आधीं करूं, म्हातारीचा पुढच्या वर्षीं. हें शेवटचें कारण तर घरोघर. यांतील प्रत्येक गांठ निराळी सोडवावी लागते, आणि ती सोडविणारें माणूस त्याच आळींत राहणारें असावें लागतें. फुकट शस्त्रक्रिया असूनही माणसें कां येत नाहींत, असें शहरांतील मंडळी विचारतात. शस्त्रक्रिया फुकट असते, गुरुवार फुकट नसतो.

जिल्हा रुग्णालयांत काकूंची खाट मधली होती. एका अंगास ऊसतोडणीस आलेली एक बाई, दुसऱ्या अंगास एक धनगरीण. आम्ही व्हरांड्यांत येरझारा घालीत होतों. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत काकूंनीं हात धरला होता तो आशाताईंचा, आमचा नव्हे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पट्टी सुटली. काकूंनीं आधीं समोरची भिंत पाहिली, मग आम्हांस पाहिलें, आणि म्हणाल्या, "केस किती पांढरे झाले रे तुझे!" मग शेजारच्या आशाताईंकडे वळून पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनीं त्यांचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता.

पुढें सहा आठवडे थेंब घालावयाचे, वांकावयाचें नाहीं, आणि डोक्यावरून पाणी घ्यावयाचें नाहीं. या शेवटच्या पथ्यानें घरांत धर्मसंकट उभें राहिलें. डोक्यावरून स्नान नाहीं तर सोंवळें नाहीं, सोंवळें नाहीं तर देवपूजा नाहीं. आम्ही शास्त्राधार शोधूं लागलों. आशाताई म्हणाल्या, "काकू, मानेखालनं आंघोळ करा अन् देवाला सांगा, डोळा त्याचंच रूप बघाय केलाय." काकू हंसल्या, आणि तो निर्णय मान्य झाला. शास्त्राधार आम्हांस अजून सांपडलेला नाहीं.

या प्रकरणानंतर आम्हीं या कामाची थोडी माहिती मिळविली. २०१५ ते २०१९ या काळांत देशांत दृष्टीची मोठी पाहणी झाली. तींत अंधत्वाचें प्रमाण शेंकडा ०.३६ आढळलें, २००६-०७ च्या पाहणींत तें शेंकडा १ होतें. मध्यंतरीं अंधत्वाची व्याख्या बदलली, म्हणून ही तुलना जपून करावी. तथापि उतार खरा आहे. पन्नाशीपुढील अंधांत सुमारें दोन-तृतीयांश माणसें मोतीबिंदूनेंच आंधळीं आढळलीं, म्हणजे जें परत मिळण्याजोगें आहे तेंच अद्याप सर्वाधिक गमावलें जात आहे. आमच्या लहानपणीं शाळेंत डोळ्यांना खुपऱ्या झालेलीं मुलें असत आणि मोरचूद लावतांना त्यांच्या किंकाळ्या ऐकूं येत. त्या रोगाचा सार्वजनिक प्रश्न म्हणून भारतांत अंत झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ च्या आक्टोबरांत मान्य केलें. मुलांचें रातांधळें तर हल्लींच्या मातांस ऐकूनही ठाऊक नसेल. १९७० पासून पांच वर्षांखालील मुलांस 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस दर सहा महिन्यांनीं पाजतात. दोन मिलिलीटरचा तो चमचा अंगणवाडींत पोरास धरून आणून तोंडीं घालण्याचें काम याच बायांच्या वर्गानें केलें.

एक गोष्ट मात्र आम्हांस विशेष वाटली, कारण ती आमच्या गांवच्या उसाशीं जुळते. उसाचें पातें करवतीसारखें. तोडणीच्या दिवसांत तें बुबुळावर ओढलें जातें, बारीक चरा पडतो. माणूस डोळा चोळतो आणि पुन्हां कोयता घेतो. कुसळ गेलें असेल तर तें जिभेनें काढून देणाऱ्या बाया आमच्याकडे होत्या. कोणी अंगावरचें दूध घाली, कोणी पानाचा रस. चार दिवसांनीं त्या चऱ्यांत जंतु शिरून फूल पडे, आणि तो डोळा कायमचा पांढरा. यावर नेपाळांत भक्तपूर जिल्ह्यांत झालेला एक प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. गांवांतील आरोग्यसेवकांस एवढेंच शिकविलें कीं, डोळ्यास इजा झालेला माणूस आला तर एक रंगद्रव्य घालून चरा आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि असल्यास क्लोरॅम्फेनिकॉलचें मलम दिवसांतून तीन वेळां, तीन दिवस घालावें. असे ४४२ चरे पडलेले लोक आले. त्यांपैकीं शेंकडा ९६ जखम न चिघळतां बरे झाले, आणि इजेनंतर अठरा तासांच्या आंत ज्यांस मलम मिळालें त्यांतील एकाच्याही डोळ्यांत क्षत झालें नाहीं. येथें सगळा प्रश्न त्या अठरा तासांचा आहे. नेत्रतज्ज्ञ कितीही निष्णात असो, अठरा तासांत तो उसाच्या फडांत येत नाहीं.

आमच्या गांवीं आजेसासूच्या पायरीपाशीं उभा राहणारा एक गडी होता, त्याच्या एका डोळ्यांत असेंच फूल होतें. आम्ही मुलें त्यास नांव ठेवीत असूं. तें नांव येथें लिहीत नाहीं.

या बायांच्या मेहनतान्यासंबंधीं लिहावें तर लाज वाटते. त्यांना पगार नाहीं. मानधन आणि कामागणिक मोबदला. तोही वेळेवर येतो असें नाहीं. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, हिवताप, वृद्धांचे तक्ते अशीं कितीतरी कामें एका बाईच्या शिरीं. महाराष्ट्रांत त्यांनीं २०२३ आणि २०२४ सालीं संप केले, तेव्हां आमच्या पुण्याच्या घरांत एका मंडळीनें 'हल्लीं सगळ्यांनाच संप सुचतात' असे उद्गार काढले. त्या वेळीं काकू गणपतीसाठीं नव्हे, बऱ्याच वर्षांनीं प्रथमच आमच्याकडे पुण्यास आल्या होत्या, आणि वर्तमानपत्र स्वतः वाचीत होत्या. त्यांनीं पत्र खालीं ठेवलें आणि विचारलें, "तुला महिन्याच्या किती तारखेस मिळतो रे पगार?" पुढें त्या विषयावर कोणी बोललें नाहीं. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारताच्या आशांचा गौरव केला, हें आम्हीं आशाताईंस मोठ्या उत्साहानें सांगितलें होतें. "व्हय, फोटो आला होता," त्या म्हणाल्या, आणि मागच्या तीन महिन्यांचा मोबदला आला कीं नाहीं, हें आमच्या मोबाइलवर पाहून देतां येईल का म्हणून विचारूं लागल्या.

गेल्या चैत्रांत आम्ही गांवीं गेलों होतों. दुपारीं चार वाजतां आशाताई आल्या. आतां त्यांच्याजवळ एक तक्ता असतो. त्यावर इंग्रजी ई हें अक्षर चार दिशांस तोंडें करून छापलेलें, म्हणजे वाचतां न येणारासही त्याचे पाय कोणीकडे आहेत तें हातानें दाखवितां यावें. बरोबर सहा मीटरची एक दोरी. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक तक्ता भरावयाचा असतो, त्यांत डोळ्यांचेही प्रश्न आहेत. सोप्याच्या खांबास दोरीचें एक टोंक धरून त्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या टोंकाशीं आमच्या घरांतील माणसांस एकेक करून उभें करूं लागल्या. काकू आंतून चहा घेऊन आल्या. दारामागच्या कोनाड्यांत हल्लीं काड्यापेट्या असतात.

आमची पाळी आली. डावा डोळा झांकून उजव्यानें आम्हीं सर्व अक्षरें बिनचूक दाखविलीं, आणि थोडा गर्वही झाला. मग उजवा झांकला. अक्षरें होतीं, पण त्यांचे पाय कोणीकडे आहेत तें समजेना. आम्हीं अंदाजानें एकदां वर दाखविलें, एकदां डावीकडे. "काका, अंदाज नगं," आशाताई म्हणाल्या. त्यांनीं जवळ येऊन हनुवटी वर केली आणि बॅटरी लावली.

"ठीक आहे," आम्ही म्हणालों, "पुण्यास गेल्यावर दाखवितों. दिवाळीच्या सुमारास—"

"गुरुवारीं गाडी आहे," काकू म्हणाल्या.

आशाताईंनीं वही काढली, आमचें नांव आणि वय लिहून घेतलें, आणि सकाळीं सात वाजतां चावडीपाशीं आधार कार्ड घेऊन यावयास सांगितलें.